शोधन, थर, माग : मराठी इतिहाससंशोधनाची रूपके आणि कोपरगाव

‘संशोधन’ हा शब्द आपण इतक्या सहजपणे वापरतो की तो मुळात एक रूपक आहे, ह्याची आठवणही राहू नये. ‘शुध्’ ह्या धातूचा अर्थ निर्मळ होणे. वैद्यकात दोषांचे शोधन असते, रसशास्त्रात पाऱ्याचे आणि गंधकाचे असते, पोथ्यांच्या व्यवहारात पाठाचे असते. हवे ते आधीपासून तेथे आहेच, त्याला चिकटलेले नको ते काढून टाकावयाचे आहे, ही ह्या सर्व व्यवहारांमागची समान कल्पना होय. ज्ञानाच्या नव्या व्यवहाराला नाव देताना आपल्या शेजाऱ्यांनी एकच वाट धरली नाही. बंगालीने ‘गवेषणा’ स्वीकारला. त्या शब्दाच्या पोटात गाई शोधत निघालेला गुराखी बसलेला आहे. हिंदीने ‘अनुसंधान’ आणि ‘शोध’ हे शब्द घेतले आणि ‘संशोधन’ हा शब्द दुरुस्तीसाठी, अगदी राज्यघटनेतील दुरुस्तीसाठीही, राखून ठेवला. मराठी, गुजराती आणि कन्नड ह्या भाषांत मात्र संशोधन म्हणजेच नव्या ज्ञानाचा शोध. ह्या निवडींवरून त्या त्या समाजाची मनोघडण काढू पाहणे धाडसाचे आणि बहुधा हास्यास्पदही ठरेल. परंतु एक प्रश्न विचारता येतो, आणि प्रस्तुत निबंधात तोच विचारावयाचा आहे : हे रूपक शब्दात निजून राहिले, की मराठी इतिहाससंशोधकाने कशाला पुरावा मानावे आणि काय टाकून द्यावे हे ते ठरवीत आले?

आपल्या साहित्यशास्त्राने ह्या प्रश्नाची निम्मी तयारी करून ठेवली आहे. मम्मटाने लक्षणेचे रूढिमूल आणि प्रयोजनमूल असे दोन प्रकार मानले आणि पहिल्याचे उदाहरण म्हणून ‘कुशल’ हा शब्द दिला. हात न कापता कुश गवत काढून आणणारा तो कुशल. पुढे गवत गळाले, नैपुण्य तेवढे उरले. विश्वनाथाला हे उदाहरण पटले नाही. व्युत्पत्ती एक असते आणि शब्दाच्या प्रवृत्तीचे निमित्त दुसरे असते, ‘कुशल’ म्हणणाऱ्याच्या मनात गवत नसतेच, असा त्याचा आक्षेप आहे. हा आक्षेप प्रस्तुत विवेचनालाही लागू पडतो, म्हणून तो येथेच नोंदवलेला बरा. जॉर्ज लॅकॉफ आणि मार्क जॉन्सन ह्यांनी १९८० मध्ये असे प्रतिपादन केले की रूपक हे भाषेचे भूषण नसून विचाराची चौकट असते, आणि ते जितके रुळलेले तितकी त्याची सत्ता अधिक. मम्मट आणि विश्वनाथ ह्यांच्यातील वाद त्यामुळे मिटत नाही, पण तो कोठे सोडवावयाचा हे कळते. केवळ व्युत्पत्ती दाखवून काहीही सिद्ध होणार नाही. संशोधकांच्या प्रत्यक्ष व्यवहारात गवत उरले आहे की नाही हे पाहावे लागेल.

त्यासाठी एखादे ठिकाण समोर ठेवणे सोयीचे. येथे कोपरगाव घेतले आहे. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या उत्तरेस, गोदावरीच्या काठी वसलेले हे तालुक्याचे गाव सहकारी साखर कारखानदारीमुळे महाराष्ट्राला माहीत झाले. गावाचा ‘बेट’ म्हणून ओळखला जाणारा भाग शुक्राचार्यांच्या आश्रमाचे स्थान मानला जातो. तेथे शुक्राचार्यांचे मंदिर आहे, कचेश्वर आहे, आणि तेथे लग्न लावावयाचे तर मुहूर्त पाहावा लागत नाही असा समज आहे. शुक्राचा अस्त असता इतरत्र विवाह वर्ज्य; जेथे शुक्र स्वतःच वस्तीला आहे तेथे त्याच्या अस्ताची काय मातब्बरी, असा काहीसा तर्क ह्या समजामागे असावा. ह्याच गावात रघुनाथराव पेशवा १७८२ च्या सालबाईच्या तहानंतर येऊन राहिला आणि ११ डिसेंबर १७८३ रोजी मरण पावला. कोपरगावची आणखी एक गोष्ट आहे; ती पुढे यावयाची आहे. एकाच गावातील ह्या गोष्टी निरनिराळ्या रूपकांच्या हाती सापडल्या म्हणजे त्यांचे काय होते, हे पाहण्याजोगे आहे.

शोधनाचे रूपक ह्या नदीकाठाला नवे नाही. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये प्रवरेकाठी नेवाशाला सांगितली गेली, आणि शके १५०६ मध्ये, म्हणजे सुमारे तीनशे वर्षांनी, गोदावरीकाठी पैठणला एकनाथांनी तिची शुद्ध प्रत सिद्ध केली. पाठांतरांनी ग्रंथ मलिन झाला आहे आणि तो पुन्हा निर्मळ करावयाचा आहे, ही त्यांची भूमिका होती. पुढे कोणी त्यात भर घालू नये म्हणून त्यांनी दिलेली ताकीदही एका जेवणाच्या ताटाच्या रूपकातूनच आली आहे, हे जाणकारांना आठवेल. मराठीतील पाठचिकित्सेचा आरंभ येथून मानण्याची प्रथा आहे आणि ती योग्य आहे. परंतु १९०९ मध्ये विश्वनाथ काशिनाथ राजवाड्यांनी ज्ञानेश्वरीची आपली प्रत प्रसिद्ध केली तेव्हा तिचे महत्त्व त्यांच्या मते ह्यातच होते की ती एकनाथपूर्व आहे. म्हणजे एकनाथांनी केलेले शोधन हाच राजवाड्यांच्या दृष्टीने मूळ भाषेवर चढलेला लेप ठरला. एकाने निर्मळ केलेले दुसऱ्याला मळलेले दिसते. ह्यात दोघांपैकी कोणाचा दोष नाही. मळ कशाला म्हणावयाचे हे मूळ कोणते मानावयाचे ह्यावर अवलंबून असते, आणि मूळ कोणते हे तर शोधन पूर्ण झाल्यावर कळावयाचे असते. ह्या रूपकातला पेच हा असा आहे.

छापखान्यांच्या काळात शब्दाला आणखी एक वळण मिळाले. निर्णयसागरासारख्या छापखान्यांतून निघालेल्या संस्कृत ग्रंथांच्या मुखपृष्ठांवर अमुक शास्त्र्यांनी ‘संशोधित’ केलेला ग्रंथ असा निर्देश आढळतो. तेथे संशोधक म्हणजे पाठ ताडून पाहणारा, मुद्रिते तपासणारा विद्वान. काशिनाथ नारायण साने प्रभृतींनी १८७८ मध्ये सुरू केलेल्या मासिकाने स्वतःला अजून ‘संग्रह’ म्हणवून घेतले होते, ‘काव्येतिहाससंग्रह’. १९१० मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या मंडळाने मात्र ‘भारत इतिहास संशोधक’ असे नाव घेतले. बत्तीस वर्षांत संग्राहकाचा संशोधक झाला. इतिहास हा गोळा करण्याचा माल न राहता पोथीसारखा शुद्ध करावयाचा पाठ झाला, असे ह्या नामांतराचे वर्णन केल्यास ते फारसे चुकणार नाही. बखरींवर तुटून पडलेल्या त्या पिढीची भाषा पाहिली म्हणजे विश्वनाथाच्या आक्षेपाला उत्तर मिळते. बखरकाराची अतिशयोक्ती, शकांचा घोळ, अद्भुताची भेसळ हे सारे निवडून बाजूला टाकावयाचे आणि अस्सल तेवढे ठेवावयाचे, हा त्या पिढीचा रोजचा उद्योग होता. गवत अजून हातात होते.

ह्या रूपकाची सर्वांत मोठी परीक्षा पुण्यातच झाली. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ मध्ये सुरू झाले. १९२५ पासून विष्णु सीताराम सुकथनकर तिचे प्रमुख संपादक होते आणि त्यांनी संपादिलेले आदिपर्व १९३३ मध्ये पुरे झाले. उत्तरेकडील आणि दक्षिणेकडील परंपरांच्या, अनेक लिप्यांतील हस्तलिखितांची तुलना करून, त्यांचा वंशवृक्ष मांडून, प्रक्षिप्त भाग तळटीपांत आणि परिशिष्टांत उतरवीत ते पुढे गेले. वंशवृक्ष हे शोधनाच्या जोडीला आलेले दुसरे रूपक. त्यात प्रत्येक पोथीला एक जनक असावा लागतो. दोन घराण्यांचा संकर झाला की वृक्षाच्या फांद्या एकमेकींत गुंततात आणि संपादकाची झोप उडते. महाभारताच्या पोथ्यांत असा संकर पदोपदी आहे हे सुकथनकरांनीच दाखवून दिले. आपण सिद्ध केलेली संहिता म्हणजे व्यासांचे मूळ महाभारत नव्हे, उपलब्ध पोथ्यांच्या आधारे पोचता येते असे ते सर्वांत जुने रूप आहे, हेही त्यांनी निःसंदिग्धपणे सांगितले. आपल्या रूपकाची मर्यादा स्वतः नोंदवणारे संशोधक आपल्याकडे थोडे. सुकथनकर त्यांतले एक.

कचाचे आख्यान ह्याच आदिपर्वात आहे. आख्यानातला आश्रम वृषपर्वा ह्या असुरराजाच्या आश्रयाने आहे. गोदावरीचा तेथे पत्ता नाही, कोपरगावचा तर नाहीच. राजस्थानात सांभरलाही देवयानीच्या नावाचे सरोवर आहे आणि तेथील लोकांचा दावा कोपरगावकरांइतकाच पक्का आहे. शोधनाच्या दृष्टीने दोन्ही दावे सारखेच : संहितेवर साचलेला स्थलपुराणांचा मळ. त्यांना तळटीपेतही जागा नाही, कारण तळटीप पोथ्यांतील पाठांसाठी असते, गावांसाठी नसते. येथपर्यंत सर्व ठीक आहे. पण सुकथनकर एवढ्यावर थांबले नाहीत. १९३६ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या भृगू आणि भारत ह्यांवरील प्रदीर्घ निबंधात त्यांनी महाभारतातील भार्गवकथांची पर्वावार छाननी केली आणि भारताचे महाभारत होण्याच्या प्रक्रियेत भृगुकुलाचा हात असावा असे अनुमान मांडले. शुक्राचार्य हे भार्गवच. म्हणजे ज्या आख्यानाला शुद्ध संहितेत मानाचे स्थान मिळाले, तेच आख्यान एका घराण्याने ग्रंथावर चढवलेल्या रंगाचा भाग असण्याचा संभव संपादकाने स्वतः पुढे आणला. आणि हा रंग कोणत्याही पोथीच्या साह्याने धुऊन काढता येत नाही, कारण उपलब्ध सर्व पोथ्या त्यात बुडालेल्या आहेत. शोधनाच्या रूपकाला इतक्या सचोटीने त्याच्या टोकापर्यंत नेल्यावर तेथे मळ आणि वस्त्र ह्यांतला भेदच उरला नाही. भार्गवांनी आपल्या पूर्वजाला महाभारतात आणून बसवले असेल, तर कोपरगावने त्याला गोदावरीकाठी आणून बसवले. दोन्ही कृती एकाच जातीच्या आहेत. एक पोथीत झाली आणि दुसरी गावात झाली, एवढाच फरक, आणि आपल्या विद्येने आजवर फक्त पहिलीला इतिहास मानले.

राजवाड्यांकडे परत यावयास हवे, कारण त्यांनी मराठीला आणखी एक रूपक दिले आणि ते आपण रूपक म्हणून ओळखतही नाही. १८९८ पासून त्यांनी प्रसिद्ध केलेल्या कागदपत्रांच्या खंडांचे नाव ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’. कागदाला साधन म्हटले की इतिहास साध्य होतो आणि इतिहासकार साधक. राजवाड्यांचे अनवाणी भटकणे, हाताने रांधून खाणे, वाड्यांच्या माळ्यांवर धूळ खात पडलेल्या रुमालांसाठी केलेल्या मिनतवाऱ्या ही सारी चरित्रकारांनी तपश्चर्येच्या भाषेत सांगितली आहेत. ती तशी सांगितली जाण्यामागे हे रूपक आहे. त्याने एका पिढीला जे बळ दिले त्याचे मोल कमी करण्याचे कारण नाही. सरकारी साह्याविना बावीस खंड उभे राहिले ते ह्याच बळावर. पण साधनेच्या रूपकात साधन नसलेल्याला सिद्धी नाही. ज्याच्या घरात दप्तर होते त्याचा इतिहास साध्य झाला. रघुनाथरावाच्या वाट्याला हा लाभ पुरेपूर आला. गोविंद सखाराम सरदेसायांच्या संपादकत्वाखाली १९३० ते १९३४ ह्या काळात पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड निघाले, आणि राघोबादादाची मोहीम, कर्ज, रुसवा, नारायणरावाच्या खुनानंतरची धावपळ ह्यांचा इतका तपशील हाती आला की त्याच्या कोपरगावातील अखेरच्या मुक्कामाकडेही आपण त्या कागदांतूनच पाहतो. त्याच्या वाड्यात पुढे इंग्रजी अमदानीत सरकारी कचेऱ्या बसल्या. साधनांच्या रूपकाला ह्याहून साजेसा शेवट कल्पिता आला नसता.

पुरातत्त्वाने ह्या परिसरात नवे रूपक आणले, थराचे. हसमुख सांकळिया आणि त्यांचे सहकारी १९५०-५१ मध्ये नाशिक आणि संगमनेर तालुक्यातील जोर्वे येथे खणू लागले. पुढे १९५४ ते १९५६ मध्ये नेवाशाला उत्खनन झाले. नेवाशाच्या १९६० च्या अहवालाचे इंग्रजी शीर्षकच इतिहासाकडून प्रागितिहासाकडे नेणारे आहे. तेथे खाली जाणे म्हणजे मागे जाणे. ज्या गावात ज्ञानेश्वरी सांगितली गेली त्याच गावाच्या मातीत खाली सातवाहन, त्याखाली ताम्रपाषाणयुगीन वस्ती, त्याखाली अश्मयुगाची हत्यारे असा उलटा प्रवास करता येतो हे कळले, तेव्हा मराठी वाचकाच्या कालकल्पनेत जो बदल झाला तो कोणत्याही तात्त्विक ग्रंथाने झाला नव्हता. थराच्या रूपकाचा मोठा गुण असा की त्यात मळ नाही. वरचा थर खालच्यावर घाण करीत नाही. तो स्वतःच्या काळाचा साक्षी असतो. कोपरगावचे स्थलपुराण ह्या रूपकाच्या प्रकाशात प्रथमच पुरावा होऊ शकते. शुक्राचार्य तेथे राहत होते की नाही ह्याचा तो पुरावा नव्हे. कोणत्या तरी काळी कोणाला तरी तेथे शुक्राचार्य हवे होते ह्याचा आहे.

पण थर नेहमी जागच्या जागी राहत नाहीत, आणि ह्याचे उदाहरणही ह्याच जिल्ह्यातले आहे. प्रवरेकाठच्या दायमाबादला १९७४ मध्ये चार ओतीव मूर्ती सापडल्या : बैलजोडीचा रथ आणि तो हाकणारा पुरुष, गेंडा, हत्ती आणि रानरेडा, वजन सगळ्यांचे मिळून साठ किलोंच्या वर. त्या मिळाल्या त्या कोणा पुरातत्त्वज्ञाच्या खड्ड्यात नव्हे, तर झाडाच्या बुंध्याशी खणणाऱ्या एका स्थानिक भिल्ल शेतकऱ्याला. उत्खननाच्या शिस्तीबाहेर हाती आल्यामुळे त्यांना नेमके कोणत्या थरात बसवावयाचे ह्यावर मतभेद झाले; मधुकर केशव ढवळीकरांसारख्यांनी त्या उत्तर हडप्पाकाळातल्या मानल्या, इतरांनी धातूच्या घटनेवरून शंका घेतल्या. थराचे रूपक थराबाहेरच्या वस्तूपुढे मूक होते. सापडणाऱ्याची जात मी येथे लिहिली ती मुद्दाम लिहिली.

दामोदर धर्मानंद कोसंबी ह्यांनी दोन्ही रूपके वापरून पाहिली आणि मग तिसरे घेतले. १९४८ मध्ये भर्तृहरीच्या शतकांची चिकित्सक आवृत्ती काढणारे कोसंबी आणि १९६२ च्या ‘मिथ अँड रिॲलिटी’मध्ये पुण्याच्या आसपासच्या आडवाटांवरची देवींची ठाणी धुंडाळणारे कोसंबी एकच आहेत, हे आपण सहसा विसरतो. त्या ग्रंथातील एका निबंधाचे शीर्षकच चौरस्त्यावरचे आहे. चौरस्त्यावरच्या मातृदेवता तेथे का आहेत, तर एके काळच्या भटक्या टोळ्यांच्या वाटा तेथे मिळत होत्या, असे ते सुचवतात, आणि त्याच वाटांवर गारगोटीची सूक्ष्म हत्यारे वेचून दाखवतात. थर उभा असतो, वाट आडवी असते. वाटेच्या रूपकात भूतकाळ पायाखाली पुरलेला नसून पुढच्या वळणावर जिवंत भेटतो. कोपरगावला ही दृष्टी लावली तर शुक्राचार्य आधी की कोपरगाव आधी हा प्रश्न मागे पडतो आणि गोदावरी ओलांडून जाणाऱ्या वाटेवरच ही कथा का मुक्कामाला आली, हा प्रश्न पुढे येतो. रामचंद्र चिंतामण ढेरे ह्यांनी १९८४ च्या ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’मध्ये हीच दृष्टी आणखी पुढे नेली, जरी ‘समन्वय’ ह्या रूपकाने त्यातले झगडे थोडे अधिक गोडीने मिटवले आहेत असे वाटते.

ह्या सर्व रूपकांत एक गोष्ट समान आहे. संशोधक बाहेर उभा असतो : धुणारा, साधना करणारा, खणणारा, चालणारा. कोपरगावची स्वतःची कथा मात्र वेगळे काही सांगते. कच हा देवांनी पाठवलेला विद्यार्थी, म्हणजे जवळजवळ हेर. असुर त्याला मारतात, शुक्राचार्य जिवंत करतात; अखेर त्याची राख मद्यातून गुरूच्या पोटात जाते. आता त्याला बाहेर काढावयाचे तर गुरूचे पोट फाटणार, म्हणून संजीवनी विद्या त्याला पोटातच शिकवावी लागते. तो गुरूला फाडून बाहेर येतो आणि लगेच त्याच विद्येने गुरूला उठवतो. पुढे देवयानीच्या शापाने ती विद्या त्याला स्वतःला फळत नाही, तो ज्यांना शिकवील त्यांना फळते. खाडिलकरांनी १९१३ मध्ये ह्या कथेवर नाटक लिहिले तेव्हा शीर्षकात ‘हरण’ हा शब्द घातला, ‘विद्याहरण’. त्यांचा रोख मद्यपानावर होता; पण शीर्षकाने कथेतली बोचणारी बाजू पकडली आहे. विद्यापीठातून टेपरेकॉर्डर घेऊन खेड्यात गेलेल्या आणि ओव्या, कथा, विधी घेऊन परतलेल्या आपल्या अभ्यासकांना हा शब्द लागू होतो की नाही, ह्याचा विचार ज्याने त्याने करावा. कचाने निदान ज्याच्यातून विद्या काढली त्याला पुन्हा उभे केले. मात्र कथेत दुसरे एक मरण आहे, असुरांचे, आणि विद्या नेली गेल्यामुळे ते पुढे कोणाच्या जिवावर बेतले हे आख्यान सांगत नाही.

आता राहिलेली गोष्ट. १८०३-०४ च्या दुष्काळाने आणि फौजांच्या लुटीने हा मुलूख उजाड झालेला असताना, १८०४ मध्ये, पेशव्यांचा खानदेश-बागलाणचा अधिकारी बाळाजी लक्ष्मण ह्याने भिल्लांना फसवून कोपरगावात आणले आणि त्यांतील बहुतेकांना दोन विहिरींत टाकून मारले, असे ब्रिटिश अमदानीतील गॅझेटियर सांगते. त्यात दिलेला आकडा सात हजारांचा आहे. आकड्याविषयी शंका घेण्यास जागा आहे, आणि ज्या ग्रंथाला पेशवाईची अखेर अंधारी दाखवणे सोयीचे होते त्याच्याकडून ही माहिती येते, हेही लक्षात ठेवावयास हवे. पण शोधनाच्या नियमाने साक्षीदार हितसंबंधी म्हणून हे वाक्य गाळले, तर काय उरते? मारल्या गेलेल्यांनी दप्तरे ठेवली नव्हती. मराठीत म्हण आहे, आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार. साधनांचे रूपक ह्या म्हणीवरच उभे आहे : कागदात नाही ते इतिहासात येणार नाही. म्हण विहिरीला निर्दोष मानते. कोपरगावच्या त्या विहिरींविषयी तसे मानता येत नाही.

आपल्या प्रबंधांच्या शीर्षकांत रुळलेले शब्द ह्या संदर्भात पुन्हा वाचून पाहावेत. ‘आढावा’ हा हिशेबनिसाचा शब्द, जमाखर्चाचा गोषवारा. ‘वेध’ ज्योतिषाचा आणि तिरंदाजाचा. ‘चिकित्सा’ वैद्याची. लौकिक न्यायांचा संग्रह करणाऱ्या कर्नल जेकबचे पुस्तक निर्णयसागराने विसाव्या शतकाच्या आरंभी छापले. त्यात स्थालीपुलाकन्याय आहे, जो मराठीत शितावरून भाताची परीक्षा झाला, आणि किडीने कोरलेल्या रेघांत अक्षर वाचणाऱ्याला सावध करणारा घुणाक्षरन्यायही आहे. नमुना आणि योगायोग ह्यांविषयी संशोधनपद्धतीच्या पाठ्यपुस्तकांत जी प्रकरणे असतात, त्यांचे हे पूर्वज आहेत. ह्या सगळ्यांत ‘मागोवा’ हा शब्द निराळा पडतो. माग म्हणजे पावलांचा ठसा. माग काढणे हा एक व्यवसाय होता, आणि दख्खनच्या बऱ्याच भागात तो रामोशी आणि भिल्ल जागल्यांचा होता. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयी १८१९ मध्ये लिहिलेल्या अहवालात गावच्या राखणदाराच्या ह्या कामाचे वर्णन आहे. चोरी झाली की त्याने चोराचा माग काढावयाचा. माग दुसऱ्या गावाच्या शिवेत शिरला की तो तेथील राखणदाराच्या हवाली करावयाचा. आणि ज्या गावाला तो आपल्या शिवेबाहेर काढून दाखवता येत नाही, त्याच्यावर भरपाईची जबाबदारी.

पुराव्याची जबाबदारी कोणावर, ह्याचे इतके काटेकोर रूपक आपल्या संशोधनविचारात दुसरे नाही, आणि ते ज्यांच्या कसबातून आले त्यांच्यापैकीच लोक १८०४ मध्ये विहिरीत गेले. त्या घटनेचा माग आज गॅझेटियरमधील वाक्यापर्यंत येतो. तो आपल्या शिवेत आला आहे. मागाच्या नियमाने पाहिले तर मारलेल्यांचे कागद नाहीत ही सबब चालत नाही, कारण माग हा नेहमी दुसऱ्याच्या जमिनीवरच उमटतो. जागल्याला गावाकडून धान्याचा हक्क होता आणि तो गावखर्चाच्या कागदांत पडत होता. गोदावरीच्या आणि गिरणेच्या खोऱ्यांतील गावांच्या कागदांत १८०४ च्या आधी हा हक्क कोणाच्या नावे पडतो, नंतर कोणाच्या, कोठे तो एकाएकी थांबतो आणि कोठे दुसऱ्याच जातीच्या माणसाच्या नावे सुरू होतो, हे गाववार पाहता येण्याजोगे आहे. कोपरगाव, येवला, नांदगाव, मालेगाव अशा तालुक्यांतील महाविद्यालयांत इतिहास आणि मराठी शिकणारे पदव्युत्तर विद्यार्थी आहेत. मोडी शिकण्यास काही महिने लागतात. बेटावरच्या कचेश्वराच्या दर्शनाला ह्या भागातील भिल्ल कुटुंबे जातात काय, जात असल्यास कोणत्या वाटेने जातात आणि कोणत्या जागेला वळसा घालतात, हेही कोणी विचारलेले वाचनात नाही.